नळीवरचा चिंचोका

२० जानेवारी, मंगळवार. दुपारची भांडी उरकली आणि थैली शिवायला घेतली. उंदरांनी तिच्या एका कोपऱ्याला भोक पाडले आहे आणि आतली निम्मी ज्वारी कोठीघराच्या फरशीवर सांडली आहे. थैली म्हणजे बाजाराची पिशवी नव्हे. जुन्या फौजी पँटीची एक तंगडी, दोन्ही टोकांना शिवलेली आणि आत ज्वारी भरलेली. ती रायफलीखाली ठेवायची असते. उद्या पहाटे मला ती लागणार आहे. कणसे भरायला लागल्यापासून आमच्या ज्वारीत रानडुकरे शिरताहेत, दीड एकर आडवे झाले आहे आणि वनखात्याची परवानगी काल माझ्या नावाने आली. परवानगी याआधीही आली आहे, डुक्करही मी याआधी मारले आहे. उद्या फरक इतकाच, की माझ्या पाठीमागे हवालदार मामा बसलेले नसतील. ते नसताना मला जमते की नाही, हे अजून कोणालाच माहीत नाही. मला तर नाहीच.

मामा माझे नात्याने कोणी नव्हेत. आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणतात, आणि गावातल्या त्या वयाच्या सगळ्या माणसांना सून याच नावांनी हाक मारते. ईट गावाच्या पुढे डोंगराच्या कुशीला आमचे गाव. आमच्या बांधाला त्यांचा बांध. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, उंची बेताची, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. लग्न होऊन महिना झाला होता तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिले. खांद्याला रायफल आणि दोन्ही काखांत एकेक गच्च भरलेली थैली. मी सासूबाईंना विचारले, "हे शिकारीला निघालेत का दळणाला?" सासूबाई म्हणाल्या, "दोन्हीला. डुक्कर न्हाय गावलं तर दळून आणतेत."

गावात त्यांचे नाव 'थैली हवालदार'. टेकू दिल्याशिवाय त्यांनी कधी गोळी झाडली नाही. आमच्या भागात ज्यांच्याकडे पीक राखायला बंदुकीचा परवाना आहे, त्यातले बहुतेक उभ्याने, छाती काढून बार टाकणारे. डुक्कर पळते, गोळी दुसऱ्याच्या उसात जाते आणि संध्याकाळी पारावर त्याची गोष्ट होते. मामांची गोष्ट होत नसे, कारण सांगण्यासारखे काही घडतच नसे. पारावरची मंडळी म्हणत, "मामा, उशी घिऊन झोपायला चाललाव का?" मामा न थांबता म्हणत, "व्हय. डुकराला झोपवायला."

त्यांचे सगळे शास्त्र एका दमात सांगून होत असे. "हात म्हंजी मांस. मांस हलणारच. जमीन हलत न्हाय. बंदूक जमिनीच्या हवाली करायची, आपण निस्तं बघायचं." भूकंप पाहिलेल्या जिल्ह्यात हे बोलायला धाडस लागते. त्यांच्या बायकोने, म्हणजे आत्याबाईंनी, तसे तोंडावर म्हटलेही. मामा म्हणाले, "त्या दिवशी मी नेम धरला नव्हता."

थैलीत काय भरावे यावर त्यांनी जेवढा विचार केला, तेवढा मुलीचे स्थळ बघतानाही केला नसेल असे आत्याबाई सांगतात. वाळू भरून पाहिली. ती शिवणीतून गळून बोल्टात शिरली आणि रायफल करकरायला लागली. सोयाबीन घरंगळते. साळीचा कोंडा दबतो, पाच मिनिटांत थैलीची भाकरी होते. गहू बरा, पण घरात गहू कमी. शेवटी ज्वारी ठरली. "ज्वारी बसली की बसली," ते म्हणत. मग कापडावर प्रयोग. त्यात घरातल्या उशा गेल्या, दोन परकर गेले आणि देवघरातल्या पडद्याचा एक तुकडाही गेला. पडदा गेल्यावर आत्याबाईंनी त्यांची फौजेतली पँट कात्रीने मांडीतून कापली आणि समोर ठेवली. "घ्या. आता तुमच्याच तंगड्या वापरा." त्या दोन तंगड्या पुढे बारा वर्षे टिकल्या. त्यातली एक आत्ता माझ्या मांडीवर आहे.

ज्वारीची एकच खोड. तंगड्यांच्या आधी, थैल्या अजून उशांच्या कापडाच्या असताना, एका हिवाळ्यात अवकाळी पाऊस आला आणि मामा त्या बांधावर विसरून आले. चार दिवसांनी गेले, तर एका थैलीला मोड आलेले. दुसरी जाग्यावर नव्हती. चिखलात खुरांचे ठसे होते आणि वीस पावलांवर फाडलेली चिंधी पडली होती. डुकराने थैली फाडून आतली ज्वारी खाल्ली होती. गावभर झाले, की डुकरांनी हवालदाराचे हत्यार पळवले, आता त्यांच्याकडूनच गोळीबार होईल. मामा आठवडाभर पारावरून गेले नाहीत. मात्र मोड आलेली ज्वारी त्यांनी आत्याबाईंना नेऊन दिली आणि म्हणाले, "धिरडी कर." आत्याबाईंनी केली. मीही खाल्ली. बरी होती, जरा बंदुकीच्या तेलाचा वास येत होता.

आत्याबाईंचा स्वतःचा एक कायदा होता. पहाटे मामा बांधावर गेले की त्या चुलीपुढे बसून कान देऊन असत. एक बार वाजला तर चहात दूध. दोन वाजले तर चहा कोरा. आमचा भाग खव्याचा. घरोघरी म्हशी आणि दुधाच्या किटल्या. अशा ठिकाणी कोरा चहा ही मोठी शिक्षा. "एक का दोन?" एवढेच त्या विचारत, तेही ऐकलेले असूनसुद्धा. मामांच्या तोंडून 'एक' ऐकल्याशिवाय दुधाचे झाकण निघत नसे. मी लग्न होऊन आल्यापासून कोरा चहा मी त्या घरात पाहिला नव्हता. एकदा सोडून. ते पुढे येईल.

माझ्या हातात रायफल आली ती सासरे गेल्यावर. त्यांच्याकडे तीनशे पंधराची रायफल होती, पीक राखायच्या परवान्यावरची. वारसाने कोणाच्या नावावर करायची असा प्रश्न आला. नवरा एसटीवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. तो म्हणाला, "मी ब्रेक सांभाळतो, तू चाप सांभाळ." मी बेचाळीस वर्षांची होते. शेत मीच बघत होते, तर शेताची राखणही मीच करणार, यात मला विशेष काही वाटले नाही. कचेरीतल्या कारकुनाला मात्र वाटले. त्याने तीनदा विचारले, "बाई, तुम्ही स्वतः चालवणार?" तिसऱ्यांदा मी म्हटले, "न्हाय, म्हशीला शिकवणार हाय." त्यानंतर कागद लवकर हलला.

रायफल घेऊन मी थेट मामांकडे गेले. ते ओट्यावर तूर निवडत होते. मी म्हटले, "मामा, शिकवा." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले नाही, हसले नाहीत, 'बाईमाणूस' वगैरे काही म्हणाले नाहीत. म्हणाले, "चिचुका आण."

चिंचोका मी आणला. त्यांनी तो सोंगट्यांच्या खेळासाठी फोडतात तसा मधून फोडला. मला पालथे झोपवले, पुढे एक थैली, खांद्याकडच्या दस्त्याखाली दुसरी. रायफल रिकामी आहे हे स्वतः बघितले, मला बघायला लावले आणि परत स्वतः बघितले. मग अर्धा चिंचोका नळीच्या टोकाशी, नेम धरायच्या माशीच्या जरा मागे, सपाट बाजूने ठेवला. "आता चाप वढ. चिचुका पडला न्हाय पायजे."

पडला. दुसऱ्यांदाही पडला. त्या दिवशी किती वेळा पडला ते मी मोजले नाही. चाप ओढताना माणूस फक्त बोट हलवतो असे आपल्याला वाटते. खरे तर मनगट, कोपर, खांदा, एवढेच काय, दातसुद्धा हलतात. हे सगळे चिंचोका सांगतो. चार महिने मामांनी मला गोळी दाखवली नाही. रोज सकाळी धारा काढल्या की अर्धा तास ओट्यासमोर पालथे पडायचे. जाणारे-येणारे बघायचे. एकजण म्हणाला, "हवालदार, सूनबाईला काय झालं? पोटात दुखतंय का?" मामा म्हणाले, "तुज्या दुखंल. गोळी कुठं लागली कळायच्या आधी."

चौथ्या महिन्यात एका सकाळी चिंचोका पडला नाही. ओळीने दहा वेळा. मामांनी शाबासकी दिली नाही. चिंचोका उचलून खिशात टाकला आणि म्हणाले, "उद्या गोळी आणतो. चुलीपुढं सांगू नको."

पहिली गोळी मी फुकट घालवली, आणि ती घालवायची पद्धतही सांगण्यासारखी आहे. गावाबाहेर मुरमाची जुनी खाण आहे, मागे घराएवढी उंच माती. तिथे तेलाचा रिकामा डबा ठेवला होता. थैल्या मी घरून आणल्या होत्या, पण समोर एक छान सपाट दगड दिसला. मला वाटले, दगडासारखे न हलणारे दुसरे काय असणार? थैली बाजूला ठेवली आणि नळी सरळ दगडावर टेकवली. मामा सगळे बघत होते, बोलले नाहीत. बार झाला. रायफल दगडावरून अशी उसळली की गोळी डब्याच्या हातभर वरून मातीत गेली आणि माझ्या गालावर दस्त्याचा ठसा उमटला.

"आता बोलतो," मामा म्हणाले. "दगूड हलत न्हाय, खरंय. म्हणूनच तो धक्का परत बंदुकीला देतो. थैली धक्का गिळती. आन् नळी टेकायची न्हाय, लाकूड टेकायचं. नळीला कुणी हात लावलेला आवडत न्हाय. नव्या नवरीवानी असती." गाल चोळत मी म्हटले, "हे आधी सांगायचं ना." ते म्हणाले, "आधी सांगितलं आस्तं तर तू उद्या इसरली आस्तीस."

ते खरे आहे. मी ते विसरलेले नाही. गालसुद्धा विसरलेला नाही.

बाकीचे त्यांनी वेळोवेळी, कामाच्या ओघात सांगितले. बसून नेम धरायचा तर कोपर गुडघ्याच्या वाटीवर ठेवायचे नाही, हाडावर हाड घसरते. वाटीच्या पुढे, मांसावर ठेवायचे. नेम वरखाली करायचा असला तर रायफल ढकलायची नाही. मागची थैली डाव्या मुठीत हळूच आवळायची, की दस्ता वर येतो आणि नळी खाली जाते. म्हशीच्या सडाला लावतो तेवढाच जोर. आणि श्वास. श्वास भरून ठेवायचा नाही, सोडायचा. सोडून संपतो आणि पुढचा घ्यायच्या आधी एक मोकळी जागा येते, त्या जागेत चाप ओढायचा. ही जागा मला सापडत नव्हती. मग मामा माझ्या मागे, बाभळीला पाठ टेकून बसायला लागले. डोळे मिटून बसत. डुकराकडे बघतच नसत. माझा श्वास ऐकत आणि ती जागा आली की अगदी हळू म्हणत, "सोड." मी श्वास सोडलेला असे, चाप ओढलेला असे आणि डुक्कर पडलेले असे.

काय मारायचे नाही, हे त्यांनी काय मारायचे याच्याआधी शिकवले. पिल्लांची मादी मारायची नाही. चालते जनावर मारायचे नाही. आणि जनावराच्या मागे माती दिसत नसेल तर चाप शिवायचाच नाही, मग डुक्कर बैलाएवढे असो. डुकरे पहाटे ज्वारीतून निघतात आणि आमच्या हरभऱ्याच्या तुकड्यातून ओढ्याकडे जातात. त्या तुकड्याच्या अर्ध्या भागामागे उंच बांध आहे, अर्ध्यामागे मोकळे रान आणि त्यापलीकडे ऊसतोड कामगारांच्या कोप्या. मामांनी मधोमध एक पांढरी खुंटी ठोकली होती. खुंटीच्या डावीकडचे डुक्कर आपले, उजवीकडचे देवाचे. "आपल्याकडं ऱ्हायलेली गोळी उद्या चालंल," ते म्हणत. "गेलेलीला हाका मारता येत न्हाईत."

मारलेल्या डुकराचा वनखात्याने पंचनामा करायचा आणि तिथेच जाळायचे. यावरून दरवर्षी कोणीतरी येऊन कानाशी लागे, "मामा, एक मांडी तर..." मामा म्हणत, "माझी घे. दोन्ही तंगड्या कापून ठेवल्यात." आणि थैल्या दाखवत.

आता तो कोरा चहा. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मला दिसले होते, की मामांच्या थैल्या फुगत चालल्या आहेत. दोनाच्या तीन झाल्या. मग एक नवी आली, तान्ह्या पोराएवढी. बशीतला चहा ते ओट्यावर ठेवून, वाकून पीत. मी पाहिले आणि काही बोलले नाही. माणूस सत्तरीला आला, हात हलणारच, असे मनाशी म्हटले. ते माझे चुकले.

त्या पहाटे परवानगी त्यांच्या नावावर होती. मी मागे बसले होते. नर डुक्कर खुंटीच्या डावीकडे, बांधाला लागून उभे राहिले, सत्तर पावलांवर. इतकी सोपी गोळी वर्षात एकदा मिळते. मामांनी बार टाकला आणि डुक्कर किंचाळून पळाले. मागच्या पायाला लागली होती. जखमी डुक्कर माणसाला सोडत नाही हे आमच्याकडे लहान पोरालाही कळते. आणि खालच्या शेतात सखूबाई धनगरणीचे पाल होते, खतासाठी मेंढरे बसवलेली. डुक्कर पालातून आरपार गेले. सखूबाई गाड्यावर चढली म्हणून वाचली. तिच्या कुत्र्याची बरगडी फाटली. आम्ही धावत पोचलो तेव्हा ती गाड्यावरूनच ओरडत होती, "अवो हवालदार, डुकराला मारता का माझ्याकडं हाकलता?"

डुक्कर दुपारी ओढ्यातल्या झुडपात सापडले. तोपर्यंत आम्ही पाचजण जीव मुठीत धरून फिरत होतो. दुसरी गोळी मामांनी दगडाच्या आडोशाने, दहा पावलांवरून घातली. घरी आलो. आत्याबाईंनी विचारले नाही. कोरा चहा पुढे ठेवला. मामांनी तो पूर्ण प्यायला, बशीत न ओतता, दोन्ही हातांनी कप धरून.

सखूबाई खाली सापडली असती तर? रात्रभर तेच डोक्यात होते. सकाळी धारा काढल्या, कोनाड्यातला चिंचोका घेतला आणि मामांच्या ओट्यावर गेले. म्हटले, "मामा, माझा सराव बिघडलाय. एकदा तुम्ही दाखवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला खोटे बोलता येत नाही आणि ते त्यांना माहीत होते. तरी उठले. रायफल रिकामी आहे हे बघितले, मला बघायला लावले, परत बघितले. तीन थैल्या लावल्या, पालथे झाले. मी चिंचोका नळीवर ठेवला.

चापाला बोट लागायच्या आधीच तो पडला.

"वारं हाय," मामा म्हणाले.

"न्हाय, मामा. वारं न्हाय."

मी परत ठेवला. परत पडला. तिसऱ्यांदा मी ठेवायला गेले, तर त्यांनी हात वर करून थांबवले. उठून बसले आणि मिशीतल्या मिशीत हसायला लागले.

"कवापास्नं ठाव हाय तुला?"

"मागच्या साली थैली वाढली तवापास्नं."

"मंग गप का बसलीस?"

"मला वाटलं, थैलीनं भागंल."

"थैलीनं किती दिवस भागवायचं? आता काय पोतं आणू?" दारातून आत्याबाई म्हणाल्या, "पोतं आणाल तर कापड तुमचं तुम्ही बघा. माझं सगळं संपलंय."

मग मामांनी एक गोष्ट सांगितली, जी मला तोपर्यंत माहीत नव्हती. आत्याबाईंना असावी. त्यांचा हात म्हातारपणाने हलत नव्हता. फौजेत भरती झाले त्या दिवसापासून हलत होता. पहिल्या सरावाला त्यांच्या गोळ्या शेजाऱ्याच्या निशाणावर लागल्या. उस्तादाने सगळ्यांपुढे म्हटले, की हा गडी बंदुकीने वारा घालतो. बाकीची पोरे हात घट्ट करत राहिली, यांनी टेकू शोधला. वाळूची पोती, पाठीवरचा पिठू, बूट, मित्राची पाठ, जे मिळेल ते. "ज्याचा हात जागचा हलत न्हाय त्याला टेकू कशाला लागतोय?" ते म्हणाले. "त्याला ते कळतच न्हाय. मला कळलं, कारण मला दुसरं कायच येत नव्हतं. आता हात थैलीच्या बी पुढं गेला. संपलं."

गावात ज्या माणसाचा नेम चुकत नाही म्हणून ख्याती होती, त्याचा हात सगळ्या गावात कच्चा होता. मी हे कोणाला सांगितले नाही. आज लिहिते आहे, कारण आता त्यांची हरकत नसावी.

त्याच दिवशी रायफल ठाण्यात जमा करायची ठरली. एसटीला दोन तास होते आणि मामांना एकदा ठरल्यावर दोन तास थांबायची सवय नव्हती. म्हणून माझ्या स्कुटीवरून गेलो. पुढे मी, मागे मामा आणि मध्ये गोधडीत गुंडाळलेली, मान वर काढलेली रायफल. पारावरचे सगळे उठून उभे राहिले. एकाने विचारले, "हवालदार, कुणाला पळवून न्यायलाव?" मामा म्हणाले, "माझीच बायकू हाय. माहेरी सोडायला चाललोय."

ठाण्यातल्या जमादाराने वही उघडली. "कारण काय लिहू, मामा?"

"चिचुका पडला म्हणून लिवा."

जमादाराने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्याने 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहिले. बाहेर पडल्यावर मामा म्हणाले, "त्यानं चूक लिवलं. प्रकृती चांगली हाय. निस्ता चिचुका पडला." आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात भजी मागवली. दोन प्लेट. दोन्ही त्यांनीच खाल्ल्या.

त्यानंतर दोन हिवाळे रायफल माझी, थैल्या त्यांच्या आणि 'सोड' त्यांचे. ते म्हणत, आता खरी मजा आहे, डोळे मिटून शिकार करतो. गेल्या श्रावणात मामा गेले. सकाळी उठलेच नाहीत. आत्याबाईंनी दहाव्यानंतर दोन्ही तंगड्या माझ्याकडे आणून दिल्या. "घरात ठिवल्या तर मी दळून टाकीन," म्हणाल्या.

माझ्यात काय राहिले म्हणाल, तर सवयी राहिल्या. म्हशीला सुई टोचताना मी आधी कोपर तिच्या पाठीला टेकवते. सुईत दोरा ओवताना मनगटे एकमेकांना टेकवते. आत्ताही तसेच केले. आणि कोणी माझ्याशी भांडायला आले, की आधी श्वास सोडते आणि त्या मोकळ्या जागेत बोलते. माझा शब्द लागतो असे नवरा म्हणतो.

थैली शिवून झाली. ज्वारी भरली. उंदरांसाठी पिंजरा लावला.

२१ जानेवारी, बुधवार. पहाटे एकटी गेले. बाभळीखाली कोणी नव्हते, म्हणून पाण्याची कळशी तिथे ठेवली. जागा रिकामी नको वाटली. रायफल रिकामी बघितली, परत बघितली. दोन थैल्या लावल्या, चिंचोका नळीवर ठेवला, चाप ओढला. पडला नाही. मग गोळी भरली.

झुंजुमुंजू झाल्यावर डुकरे निघाली. पहिले मोठे, सुळेवाले. खुंटीच्या उजवीकडे थांबले. मागे कोप्यांतून धूर निघत होता. ते बराच वेळ तिथे उकरत राहिले आणि मी त्याला नुसते बघितले. हात हलत होते. तेव्हा माझ्या लक्षात आले की रायफल हलत नाही. ती थैलीवर, जमिनीच्या हवाली होती. ते चालायला लागले, खुंटी ओलांडून डावीकडे आले आणि बांधापुढे आडवे थांबले. मागे माती. मी डावी मूठ जराशी आवळली. श्वास सोडला. तो संपला आणि मोकळी जागा आली. 'सोड' कोणी म्हटले नाही. मी सोडले.

ते जागेवर पडले. बाकीची ओढ्याकडे पळाली.

रायफल रिकामी केली, वनरक्षकाला फोन लावला. पंचनामा आटोपेपर्यंत ऊन वर आले. चिंचोका पदराच्या टोकाला बांधला, थैल्या काखेत घेतल्या आणि घरी न जाता आधी आत्याबाईंकडे गेले. वाटभर 'एक' म्हणायची तयारी करत होते.

त्यांनी विचारलेच नाही. चुलीवर चहा उकळत होता आणि त्यात दूध कधीच घातलेले होते.